निळ्या शॉकअपचे ५६,४४० रुपये

लिहायची लाज वाटून राहिली, पण ज्या शॉकअपवाल्याने मला फसवलं, सेम त्याचाच व्हिडिओ परवा इथल्याच एका ओळखीच्या भाऊला आलेला पाहिला म्हणून लिहितो.

माझ्याकडे मामाची १९७१ ची एमजीबी आहे, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. पुढचे लिव्हर आर्म शॉकअप, सील गेलेले, सारखं तेल टाकत बसा, आणि सिमेंट रोडच्या प्रत्येक जॉइंटवर गाडी नावेसारखी डुलते. गपगुमान रिबिल्ड करून घेतले असते तर हे रामायण झालंच नसतं, पण मला ॲडजस्टेबल कॉइलओव्हर, म्हणजे वरून स्प्रिंग बसवलेले शॉकअप, पाहिजे होते, उंची आणि कडकपणा दोन्ही आपल्या हातात. ग्रुपवर दिल्लीचा एक जण भेटला, बोलणं गोड, माल स्टॉकमध्ये, भाव बाहेरच्या किटच्या निम्म्यात. पहिले ३८,५०० पाठवले.

आता ऐका. ह्या गाडीत शॉकअपचा हात हाच वरचा विशबोन, म्हणजे चाकाला वरून धरणारा आर्म, असतो. शॉकअप काढला तर चाकाला वरून धरणारं काहीच उरत नाही, म्हणून खऱ्या किटमध्ये नवीन वरचा आर्म आणि त्याचं ब्रॅकेट असावंच लागते. हे मला माहीत होतं! वीस वर्षं झाली गाड्या खोलून, नवखा नाही मी. त्याच्या व्हिडिओत आर्म नव्हता, आणि शॉकअपच्या खाली दोन भोकांची पट्टी होती, हॅचबॅकच्या स्ट्रटला असते तशी. मी तिथे व्हिडिओ थांबवला, झूम करून पाहिला, विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "सर, युनिव्हर्सल है, अडॅप्टर साथ में आएगा." आणि मी गप्प बसलो. काहून बसलो, अजून समजत नाही. घरी मुलीच्या ॲडमिशनची धावपळ होती, डोकं ठिकाणावर नव्हतं, असं मी स्वतःला सांगतो.

मग कस्टमचे ११,७००. माल दिल्लीत पडून आहे म्हणणारा कस्टम कशाचा मागून राहिला, हे विचाराचं सोडून मी यूपीआय केलं, तेही एका बाईच्या नावावर. कस्टम ड्यूटी कोणाच्या पर्सनल खात्यात जात नसते, रीतसर पावती असते, लिहून ठेवा. मग इन्शुरन्सचे ६,२४०, म्हणे रिफंडेबल.

खोका आला. मिस्त्रीने एक पीस हातात घेतला, नखाने खरवडला, निळ्याच्या खाली काळा निघाला. उंचीचे आटे म्हणजे प्लंबिंगचा पाइप कापून वेल्ड मारलेला. कडकपणा बदलायचा वरचा नॉब फिरवला की मस्त टिक टिक वाजायचा, बत्तीस क्लिक म्हणे! मिस्त्रीने तो पेचकसने उचकवला, तर आत पेनाची स्प्रिंग, एक छर्रा, आणि बाकी एम-सील. तो हसला नाही, हेच जास्त लागलं. खोका उघडताना व्हिडिओ काढा बाप्पा, मी नाही काढला.

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला त्याच रात्री फोन केला, तक्रारीचा नंबर मिळाला. शहाणे असाल तर शंका आली त्याच तासाला करा, कारण माझे फक्त शेवटचे ६,२४० होल्ड झाले आणि ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले, म्हणजे सहा हजारासाठी वकील. ठाण्यात गेलो तर म्हणे सायबरला जा, सायबरवाले म्हणे माल मिळाला ना, मग ग्राहक आयोगात जा, आयोगात विरुद्ध पार्टीचा पत्ता पाहिजे आणि लेबलवरचा पत्ता खोटा. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. चार चकरा झाल्या, भर उन्हात, हेल्मेट हातात घेऊन बाकड्यावर दोन-दोन तास. फसवणुकीचं पूर्वीचं कलम ४२० आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे हे मीच त्यांना सांगितलं, तर साहेब विचारतात, "एवढ्या जुन्या गाडीला एवढे महाग शॉकअप कशाला लावता?" म्हणजे चूक माझीच! घरी बायकोनेही शब्दशः हेच विचारलं होतं, पण तिचा हक्क आहे.

त्या दिल्लीवाल्याचा नंबर बंद झाला, पण व्हिडिओ नव्या नावाने फिरून राहिला. निळा शॉकअप, मागे हिरवा कूलर, नॉब फिरवणाऱ्या हाताच्या अंगठ्याला पट्टी. दिसला तर पैसे पाठवायच्या आधी मला विचारा, तो नॉब माझ्या टेबलावरच पडलाय.