लास व्हेगासची समर लीग: संघाची गरज डोक्यात ठेवून पाहण्याची स्पर्धा

जून महिन्यात एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी क्रमाने करायची नव्या खेळाडूंची निवड, पार पडतो आणि जुलैत लास व्हेगासला मुख्यतः तरुण खेळाडूंची समर लीग रंगते. २००४ मध्ये अवघ्या सहा संघांनिशी सुरू झालेल्या या स्पर्धेत २०१८ पासून एनबीएचे सर्वच्या सर्व ३० संघ उतरतात. नेवाडा विद्यापीठाच्या आवारातील थॉमस अँड मॅक सेंटर आणि त्याच्या शेजारचे लहानसे कॉक्स पॅव्हिलियन या दोन ठिकाणी सामने होतात आणि प्रत्येक संघाला किमान पाच सामने खेळायला मिळतात. आपल्या संघात नेमकी कोणती जागा रिकामी आहे आणि ती भरून काढणारा तरुण हाताशी आहे का, हा प्रश्न घेऊन बसणाऱ्या प्रेक्षकाला ही स्पर्धा काय देते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. माझ्या मते ती पुष्कळ देते. मात्र केवळ गुणांच्या रकान्यावर विसंबणाऱ्याला ती हमखास चकवते.

चकवण्याची कारणे स्पर्धेच्या रचनेतच आहेत. येथे १२ ऐवजी १० मिनिटांचे चार डाव असतात आणि खेळाडू सहाव्या नव्हे, तर दहाव्या फाउलला बाहेर जातो. त्यामुळे बचाव करणारे बिनधास्त अंगावर जातात. संघही थोड्या दिवसांच्या सरावावर उभे केलेले असतात, त्यामुळे आखीव चाली कमी आणि ज्याच्या हाती चेंडू त्याची मनमानी जास्त, असा खेळ वारंवार दिसतो. २०१२ मध्ये स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान डेमियन लिलार्ड आणि जॉश सेल्बी यांना विभागून मिळाला होता. लिलार्ड त्याच मोसमात एनबीएचा सर्वोत्तम नवोदित ठरला, तर सेल्बीसाठी तोच एनबीएतला अखेरचा मोसम ठरला.

उलट बाजूचे उदाहरण सॅन अँटोनियो संघाच्या व्हिक्टर वेम्बन्यामाचे आहे. ७ जुलै २०२३ रोजी शार्लटविरुद्धच्या पहिल्या सामन्यात त्याचे १३ पैकी केवळ दोन शॉट बास्केटमध्ये गेले आणि त्याला नऊच गुण करता आले. त्या रात्री शंका घेणाऱ्यांनी त्याच सामन्यातील पाच ब्लॉककडे, म्हणजे हवेतच अडवलेल्या शॉटकडे, पुरेसे लक्ष दिले नाही. दुसऱ्या सामन्यात त्याने २७ गुण आणि १२ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर मिळवलेले चेंडू) नोंदवले, पण मला महत्त्वाचे वाटतात ते पहिल्या सामन्यातले ब्लॉकच, कारण पुढल्या मोसमात संपूर्ण एनबीएत सरासरीने सर्वाधिक ब्लॉक त्याच्याच नावावर होते. नेम एखाद्या दिवशी लागतो, एखाद्या दिवशी लागत नाही. पण हातांची पोहोच आणि अंदाज घेऊन झेपावण्याची वेळ पहिल्या दिवसापासून दिसते.

संघाची गरज लक्षात घेऊन सामना पाहिला तर किती निराळे चित्र दिसते, हे २०२५ च्या डॅलस संघाने दाखवून दिले. चढाई रचणाऱ्या दोघांपैकी लुका डॉन्चिचला फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाकडे दिलेले, मार्चमध्ये कायरी अर्विंगच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला, आणि संघात अँथनी डेव्हिस, डेरेक लाइव्हली, डॅनियल गॅफर्ड असे उंचेपुरे खेळाडू मात्र भरपूर. चेंडू पुढे नेऊन चढाई रचणारा माणूस ही डॅलसची खरी निकड होती. अशा वेळी ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाने निवडलेला, १८ वर्षांचा कूपर फ्लॅग लेकर्सविरुद्ध उतरला, त्याच्या हाती चेंडू सोपवण्यात आला, आणि २१ पैकी पाचच शॉट साधून तो दहा गुणांवर थांबला. आकडा निराशाजनक होता, यात वाद नाही. परंतु अखेरच्या टप्प्यात त्याने लेकर्सच्या खेळाडूचा शॉट अडवला आणि त्यातूनच उभ्या राहिलेल्या चढाईत संघसहकारी रायन नेम्बहार्डने तीन गुणांचा शॉट साधून डॅलसला आघाडी मिळवून दिली. सामना डॅलसने ८७-८५ असा जिंकला. पुढच्या सामन्यात फ्लॅगने सॅन अँटोनियोविरुद्ध ३१ गुण केले आणि चर्चा तिकडेच वळली. मला मात्र नेम्बहार्डकडे पाहत राहावेसे वाटले. गोंझागा विद्यापीठाकडून खेळताना आदल्या मोसमात अमेरिकेच्या विद्यापीठ स्तरावर सरासरी असिस्टमध्ये (सहकाऱ्याला गुण मिळवून देणाऱ्या पासमध्ये) अव्वल राहिलेला हा गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारा खेळाडू, उंची कमी असल्यामुळे ड्राफ्टमध्ये कोणी घेतला नाही. डॅलसने त्याला टू-वे करारावर, म्हणजे मुख्य संघ आणि त्याचा दुय्यम लीगमधला संघ अशा दोन्हींकडून खेळण्याच्या करारावर, घेतले. स्क्रीनच्या, म्हणजे बचावपटूची वाट अडवून उभ्या राहिलेल्या सहकाऱ्याच्या, आडून बाहेर पडताना तो वेग किंचित कमी करतो, बचावपटूला पाठीवर ठेवतो आणि उंच खेळाडू बास्केटकडे वळेपर्यंत पास रोखून धरतो. डॅलसला हवे होते ते नेमके हेच.

सॅक्रॅमेंटो संघाच्या किगन मरेचे उदाहरणही याच जातीचे आहे. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर जेडन आयव्हीला डावलून त्याला घेतले म्हणून बरीच टीका झाली होती. परंतु डिॲरन फॉक्स आणि डोमँटास सबोनिस यांच्या भोवती मोकळी जागा निर्माण करणारा नेमबाज त्या संघाला हवा होता, आणि समर लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या मरेने पहिल्याच मोसमात तीन गुणांचे २०६ शॉट साधून नवोदितांचा तेव्हाचा विक्रम मोडला. त्याच मोसमात सॅक्रॅमेंटो १६ वर्षांच्या खंडानंतर प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांत, पोहोचला.

स्पर्धेचा सर्वात मोठा दोष असा, की ज्यांच्या नावावर तिकिटे खपतात ते खेळाडू लवकर विश्रांतीला जातात. वेम्बन्यामा आणि फ्लॅग, दोघेही दोन सामन्यांनंतर थांबले. संघाच्या दृष्टीने तो निर्णय शहाणपणाचा असेल, पण ज्याने स्पर्धेच्या शेवटच्या दिवसांचे तिकीट काढले त्याच्यावर तो अन्याय आहे, आणि कोणता खेळाडू किती सामने खेळणार हे संघांनी आधीच जाहीर करायला हवे. प्रक्षेपणाबाबतही माझी तक्रार आहे: कॅमेरा चेंडूला चिकटून राहतो, त्यामुळे चेंडू नसताना कोण कुठे सरकतो, मदतीला कोण वेळेवर येतो, हे पारखण्यासाठी सर्वात उपयोगी असलेले तपशील चौकटीबाहेर राहतात.

भारतीय प्रेक्षकासाठी वेळ मात्र सोयीची आहे. लास व्हेगासमध्ये रात्री आठला सुरू होणारा सामना आपल्याकडे सकाळी साडेआठला दिसतो. दुपारच्या सामन्यांसाठी मध्यरात्र उलटून जागावे लागते. भारताचा सतनाम सिंग २०१५ मध्ये डॅलसकडून या स्पर्धेत खेळला आणि २०२१ च्या विजेत्या सॅक्रॅमेंटो संघात भारताचाच प्रिन्सपाल सिंग होता. २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये इंडियानाविरुद्ध खेळून गेलेला सॅक्रॅमेंटो तो हाच. संघ निवडताना अडचण पडली, तर मुंबईकरांनी येत्या जुलैत याच संघापासून सुरुवात करावी, आणि सामना लावण्यापूर्वी त्याच्या मुख्य संघाची यादी एकदा नजरेखालून घालावी.