सुटलेल्या व्हायनिल साइडिंगची दुरुस्ती: काम चोख, परांचीचं आधी विचारा

१९६१च्या पानशेतच्या पुरानंतर वसलेल्या गोखलेनगरात आमचं जुनं घर आहे. गच्चीवरच्या खोलीची पश्चिमेची भिंत पावसात ओल धरायची, म्हणून सासऱ्यांनी तिला बाहेरून व्हायनिल साइडिंग, म्हणजे एकमेकींत अडकणाऱ्या पीव्हीसीच्या आडव्या पट्ट्यांचं आवरण, करून घेतलं होतं. यंदा वळिवाच्या वाऱ्यात मधल्या पट्ट्या सुटल्या आणि रात्रभर फडफडू लागल्या. बघायला आलेला एक कंत्राटदार म्हणाला, सगळं काढून एसीपी (अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असलेली) शीट लावा. दुसरा दर्शनी बाजूनंच स्क्रू मारून वर सिलिकॉन फिरवणार होता. मग शेजारच्या वहिनींनी या दुरुस्तीवाल्यांचा नंबर दिला.

यांचे मिस्त्री आले ते आधी पट्टीच्या खालच्या कडेवरून हात फिरवत गेले. मग आकडीसारखं टोक असलेलं एक चपटं हत्यार त्यांनी कडेखाली सरकवलं, खाली ओढत आडवं नेलं, आणि वरची पट्टी खालचीपासून अलगद सुटली. एकही तुकडा न मोडता आतले खिळे दिसायला लागले. सगळे गच्च ठोकलेले, बरेचसे गंजलेले, काही तर पट्टीवरच्या लांबट भोकाच्या अगदी टोकाला.

"ताई, ही पट्टी खिळ्यावर टांगायची असते, आवळायची नसते," मिस्त्री म्हणाले. साडेबारा फुटी पट्टी उन्हाळ्या-हिवाळ्यात मिळून अर्धा इंचापर्यंत लांब-आखूड होते. एप्रिलच्या ४० अंशांच्या उन्हात तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर तिला सरकायला वावच नसेल तर ती फुगणार आणि लॉकमधून, म्हणजे खालच्या पट्टीत अडकलेल्या कडेतून, निसटणार. त्यांनी स्टेनलेसचे स्क्रू लांबट भोकांच्या बरोबर मध्यावर लावले आणि डोक्याखाली साधारण एक मिलिमीटर जागा सोडली. प्रत्येक पट्टी हातानं डावी-उजवीकडे सरकवून बघितली, मगच पुढची चढवली. कोपऱ्यातही पाव इंच मोकळे ठेवले. आधी कुणीतरी खालच्या कडेला भरलेलं सिलिकॉन खरवडून काढलं, कारण साइडिंगच्या मागे थोडं पाणी जातंच, त्याला बाहेर पडायला वाट हवी. मागची एक लाकडी पट्टी वाळवीनं पोखरली होती, तीही बदलली.

मला सगळ्यात आवडलं ते रंगाचं. दोन पट्ट्या चिरल्या होत्या. नव्या आणल्या तर उन्हानं फिकटलेल्या भिंतीवर त्या ठिगळासारख्या दिसल्या असत्या. मिस्त्रींनी पाण्याच्या टाकीमागच्या जुन्या पट्ट्या काढून समोर लावल्या आणि नव्या पट्ट्या टाकीमागे लावल्या, जिथे कुणाची नजर जात नाही. मी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनाच सुचलं. इतक्या आस्थेनं काम करणारी माणसं आता कुठे भेटतात!

मजुरी साडेसात हजार, सामान वेगळं. मला वाजवी वाटली. परांचीचे पैसे मात्र ऐनवेळी वेगळे सांगितले, ते कोटेशनमध्येच यायला हवे होते. ठरलेल्या वेळेपेक्षा उशिरा येतात, पण फोन करून कळवतात. जूनच्या जोरदार पावसानंतर आतून भिंतीला हात लावून पाहिला, कोरडी आहे. तुमच्याकडे काम असेल तर मार्च-एप्रिलमध्येच बोलावून घ्या, मे उजाडला की त्यांना गळतीच्या कामांतून सवड मिळत नाही.