जांभळ्या बिल्डिंगमधले अकरा महिने

लालबागला आमच्याकडे यायचं तर नाव, गल्ली काही सांगावं लागत नाही. टॅक्सीवाल्याला "ती जांभळी बिल्डिंग" एवढं म्हटलं की तो आधी हसतो आणि मग मीटर टाकतो. पार्सल आणणारी मुलंही फोनवर तेच विचारतात, "मॅडम, जांभळी ना?"

तळमजला, त्यावर पार्किंगचे चार मजले, त्यावर राहायचे अठरा. पार्किंगला भिंतीऐवजी सिमेंटची जाळी, त्यामुळे खालचा भाग गोदामासारखा दिसतो. वर पोपटी भिंत, तिच्यावर जांभळ्या रंगाच्या उभ्या सिमेंटच्या पट्ट्या भिंतीतून दीड फूट बाहेर आलेल्या, मधूनमधून करड्या चौकटी. आणि अगदी वर, गच्चीच्याही वर, चार खांबांवर एक कमान. तिच्याखाली काही नाही, तिच्यावर काही नाही. ती कशासाठी आहे हे मी तीन जणांना विचारलं. तिघांनीही एकच उत्तर दिलं, "एलिव्हेशन." म्हणजे इमारतीचं बाहेरून दिसणारं रूप.

सासूबाईंची बहीण देवगडहून पहिल्यांदा आली तेव्हा टॅक्सीतून उतरून, कमरेवर हात ठेवून वर बघत राहिली. मग म्हणाली, "ही बिल्डिंग काय शिमग्याचा सोंग गो?"

तेव्हा दिसायला वाईट आहे, यावर वाद नको. मीही खालून बघते तेव्हा मला तशीच दिसते. पण खालून बघणाऱ्याला ती अर्धा मिनिट दिसते आणि आम्ही आत राहतो. एक उन्हाळा, एक पावसाळा, एक गणपती आणि एक थंडी (मुंबईत जी काय असते ती) काढल्यावर लिहिते आहे.

आधी चांगलं. ही बिल्डिंग आमच्या जुन्या चाळीच्या जागी, पुनर्विकासात उभी राहिली. चाळीत आमची दहा बाय बाराची खोली होती, माणसं पाच. मग सात वर्षं भाड्याच्या घरांत, शेवटची चार डोंबिवलीला. आता ४०५ फूट कार्पेट. गिरणगावात हा आकडा शेंबड्या पोरालाही पाठ असतो: जुन्या भाडेकरूला ३०० फूट हक्काचे आणि त्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे वरचं जादा क्षेत्र. वरळीच्या बीडीडी चाळींत १६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० मिळतात, हा विषय आमच्याकडे प्रत्येक साखरपुड्याला निघतो, तो सोडून देऊ. घरात स्वतःचा संडास आहे. सासूबाईंचे गुडघे गेलेत. रात्री दोन वाजता त्यांना चप्पल घालून, कडी काढून, गॅलरीच्या टोकापर्यंत जावं लागत नाही. एवढ्यासाठी मी बिल्डिंगला पोपटी-जांभळा काय, कुठलाही रंग माफ केला असता.

सतराव्या मजल्यावर वारा आहे. डास नाहीत. नळाला दिवसभर पाणी. पहिले दोन महिने आम्ही इतके खूष होतो की कुणी बिल्डिंगला हसलं की मला राग यायचा.

मग जून आला. आमचं घर पश्चिमेला तोंड करून आहे. मुंबईचा पाऊस कुठून येतो हे इथल्या कुठल्याही कोळ्याला विचारा. खिडकीवर छज्जा म्हणून जे आहे ते वीतभरसुद्धा नाही. पहिल्या मोठ्या पावसात पाणी काचेच्या फटीतून आत आलं आणि दिवाणावरची गादी भिजली. मला वाटलं खिडकी बसवताना चूक झाली असेल. सिलिकॉन भरून घेतलं, तरी तेच. शेवटी एका रविवारी भर पावसात नीट निरखून पाहिलं तेव्हा कळलं. बाजूची ती जांभळी पट्टी वरच्या पाच मजल्यांचं पाणी गोळा करते आणि वाऱ्यासरशी आमच्या काचेवर फेकते. म्हणजे शोभेची वस्तू पन्हळीचं काम करत होती, फक्त पन्हळ आमच्या घरात सुटत होती.

पावसाळा संपत आला तेव्हा कबुतरं आली. पट्टी आणि भिंत यांच्यातल्या कोपऱ्यात त्यांना आयतं घर मिळालं. दादरच्या कबुतरखान्यावरून शहरभर भांडण पेटलं होतं त्याच सुमारास आमच्या खिडकीबाहेर दोन अंडी होती. जाळीला साडेचार हजार गेले. जाळी हिरवी घ्यावी लागली, कारण सोसायटीने ठराव केला होता की बाहेरून दिसणारं सगळं एका रंगाचं हवं.

इथे मी खऱ्या दुखण्यावर येते. कपडे वाळत घालायला जागा नाही. बाल्कनी नाही, कपडे वाळवायची छोटी ड्राय बाल्कनी नाही, काही नाही. बाथरूमच्या बाजूच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीत, दोरी बांधायची सोय आहे म्हणे. तिथे सूर्य कधीच येत नाही आणि वरच्या मजल्याच्या पायपाचं पाणी ठिबकतं. म्हणून पहिल्या उन्हाळ्यात सगळ्यांनी खिडकीबाहेर स्टीलचे दांडे लावले. ऑगस्टमध्ये नोटीस लागली: खिडकीबाहेर कपडे वाळत घालू नयेत, इमारतीचं एलिव्हेशन खराब होतं.

मी ती नोटीस दोनदा वाचली. आमच्या इमारतीचं एलिव्हेशन!

सभेत मी हे बोलले तेव्हा निम्मे हसले, पण सेक्रेटरी हसले नाहीत. त्यांचं म्हणणं होतं की शेजारच्या विक्रीच्या टॉवरमधल्यांना, म्हणजे बिल्डरकडून फ्लॅट विकत घेतलेल्यांना, आमचे परकर बघायचे नसतात. खरं असेल. दोन्ही इमारती एकाच प्लॉटवर, एकाच बिल्डरच्या. त्यांच्याकडे काचेच्या कठड्याच्या बाल्कन्या आहेत आणि आमच्याकडे जांभळ्या पट्ट्या. गेट वेगळं, लॉबी वेगळी.

हे असं का होतं याचा मी थोडा शोध घेतला, कारण नवऱ्याचा चुलतभाऊ आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे आणि त्याला चहा पाजला की तो बोलतो. पूर्वी बाल्कनी, फ्लॉवर बेड, व्हॉइड असल्या जागा एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधायची परवानगी असते त्यात, धरत नसत. बिल्डर त्या भरमसाट काढायचे, लोकांना विकायचे, आणि लोक भिंत पाडून त्या खोलीत ओढून घ्यायचे. जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलला, त्या सगळ्या जागा मोजल्या जाऊ लागल्या आणि त्याच्या बदल्यात राहत्या घरांना ३५ टक्के फंजिबल एफएसआय मिळाला. चोरी थांबली, हे चांगलंच झालं. पण आमच्या ४०५ फुटांत बाल्कनी काढली तर तेवढी खोली कमी होणार. सभेत हात वर करायला सांगितले असते तर मीही खोलीलाच हात वर केला असता. मग उरतो सपाट डबा. आणि सपाट डबा अगदीच बोडका दिसतो म्हणून त्याला पट्ट्या, चौकटी आणि कमान चिकटवतात. चुलतभाऊ म्हणाला, "वहिनी, प्लॅन फायनल झाल्यावर एलिव्हेशन एका दुपारीत करतो आम्ही."

मला त्याच्यावर रागावता येईना. पण मग मला आमची चाळ आठवत राहिली. ती काही देखणी नव्हती. वासे कुजलेले, टेकू लावलेले, जिन्यात अंधार. पण समोरून बघितली की कळायचं की पुढे दिसते ती गॅलरी आहे आणि ती कामाची आहे. तिच्यावर कपडे वाळायचे, पाऊस तिथेच अडायचा, खोलीच्या दारापर्यंत यायचा नाही. मिरच्या, पापड, आजारी माणसाची खुर्ची, अभ्यास, भांडण, सगळं त्या चार फुटांत.

नोव्हेंबरात मुलाला घेऊन मुद्दाम पेडर रोडच्या बाजूला गेले आणि खालून कांचनजंगा ही इमारत दाखवली. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची, १९८३ ची, ८४ मीटर उंच आणि फ्लॅट फक्त ३२. तुलना अन्यायाची आहे, माहीत आहे. आमच्याकडे चार मजल्यांत तेवढे फ्लॅट होतात. पण त्यांनाही पश्चिमेचाच प्रश्न होता: समुद्र त्या बाजूला, वारा त्या बाजूला, आणि तिथूनच दुपारचं ऊन आणि पाऊस. त्यांनी जुन्या बंगल्यांचा व्हरांडा उचलून वर नेला, दोन मजली उंचीच्या बागा कोपऱ्यांत खोल आत घेतल्या. बाहेरून जे कापलेले चौकोन दिसतात आणि लोक ज्यांचे फोटो काढतात, ते मुळात छत्रीचं काम करतात. मुलगा म्हणाला, "आई, हिला कमान नाही."

बाकीचं भराभर सांगते. लिफ्ट दोन आणि फायर लिफ्ट एक. मजल्यावर आठ घरं. सकाळी सव्वाआठला पंधरा मिनिटं हाताशी ठेवून निघायचं. मेंटेनन्स वाढला, चाळीत जे वर्षाला जायचं ते महिन्याला जातं. दुपारी तीननंतर पश्चिमेची भिंत हाताला तापलेली लागते, मे महिन्यात एसी घेतलाच. पॅसेजला एकही खिडकी नाही. दिवे सेन्सरचे. चावी शोधेपर्यंत दिवा जातो, मग सासूबाई अंधारात आरती ओवाळल्यासारखा हात फिरवत उभ्या राहतात. आठही दारं बंद असतात. शेजारच्या काकींकडे साखर मागायला गेले तर आधी पीपहोलमधून बघतात, आणि त्यांना मी तीस वर्षं ओळखते.

एक जागा मात्र सापडली. पंधराव्या मजल्यावर रेफ्यूज एरिया आहे, आग लागली तर जमायला ठेवलेली. दर सात मजल्यांनी तसा एक सोडावा लागतो. तिथे भिंत नाही, नुसता कठडा. पूर्वेला शिवडीचं पाणी आणि लांबवर अटल सेतूची रेघ दिसते. संध्याकाळी चार-पाच बायका तिथे उभ्या असतात. बसत नाही, कारण तिथे काहीही ठेवायची परवानगी नाही आणि नसावीच. वॉचमन येतो, "ताई, फायरवाले ओरडतील" म्हणतो, आणि कठड्याला टेकून स्वतःही पाच मिनिटं वारा घेतो. गणपतीत राजाची मिरवणूक आम्ही तिथूनच बघायला गेलो. ढोल ऐकू आला, मूर्ती दिसली नाही. मग सगळे खाली उतरलो.

तर घ्यावं का? आम्हाला पर्याय नव्हता आणि पर्याय असता तरी मी संडासाकडे बघून हो म्हटलं असतं. पण ज्यांचा करार अजून व्हायचा आहे त्यांच्यासाठी: रंगावर भांडू नका, रंग सात-आठ वर्षांनी बदलता येतो. प्लॅन मागून घ्या आणि विचारा, ओले कपडे कुठे? खिडकीवर छज्जा किती? पॅसेजला उजेड कुठून? भिंतीबाहेर जे काही काढलं आहे त्याचं पाणी कुठे पडणार?

जानेवारीत समोरच्या चाळीची कमिटी आमची बिल्डिंग बघायला आली होती. हीच मंडळी गेलं वर्षभर गॅलरीत उभं राहून आम्हाला हसत होती. टाइल्स ठोकून पाहिल्या, किचनचा ओटा मोजला, लिफ्ट कुठल्या कंपनीची ते विचारलं. मी त्यांना वरचे चारही प्रश्न एका कागदावर लिहून दिले. अध्यक्षांनी घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "ताई, बाकी सगळं चालेल, फक्त हा रंग नको."

गेल्या आठवड्यात त्यांच्या चाळीवर बिल्डरचा बोर्ड लागला, नव्या इमारतीच्या चित्रासकट. पट्ट्या नारिंगी आहेत. कमान आमच्यापेक्षा मोठी आहे.