एक मोठी मोटर की दोन टप्पे? हाय-पॉवर रॉकेट बांधायला घेण्याआधी

हाय-पॉवरची, म्हणजे छंद म्हणून उडवायच्या मोठ्या मोटरींच्या रॉकेटांची, पहिली काही उड्डाणं नीट झाली की दोन टप्प्यांचं रॉकेट मनात घोळायला लागतं. त्याच्यासमोर पर्याय असतो तेवढ्याच ताकदीच्या एका मोटरचा. माझं मत आधीच सांगतो: फक्त उंची गाठायची असेल तर एकच टप्पा घ्या. आकाशात दुसरी मोटर पेटवणं हेच ज्याला साधायचं आहे, त्याने दोन टप्प्यांच्या वाटेला जावं.

मोटरच्या वर्गाचं अक्षर एकाने पुढे गेलं की टोटल इम्पल्सची (मोटर जळून संपेपर्यंत देते त्या एकूण जोराची) मर्यादा दुप्पट होते. ‘जे’ वर्ग १,२८० न्यूटन-सेकंदांपर्यंत, ‘के’ वर्ग २,५६० पर्यंत. म्हणजे दोन भरभक्कम ‘जे’ मोटरी मिळून एक ‘के’. कागदावर दोन टप्पे सरस वाटतात. बूस्टर, म्हणजे खालचा टप्पा, जळून संपला की त्याचं रिकामं वजन मागे पडतं, आणि मध्ये काही सेकंद रॉकेट नुसत्या वेगावर वर जाऊ दिलं तर सस्टेनर, म्हणजे वरचा टप्पा, विरळ हवेत पेटतो. हवेचा अवरोध हवेच्या दाटपणाबरोबर आणि वेगाच्या वर्गाच्या (वेग गुणिले वेग) प्रमाणात वाढतो, त्यामुळे हा फायदा खरा आहे.

पण त्यातला बराचसा फायदा बांधणीतच खर्च होतो. दोन टप्पे जोडणारा कपलर, दुसरं पॅराशूट, दुसरा अल्टिमीटर (उंची मोजून पॅराशूट सोडणारं उपकरण), त्याची बॅटरी, आणि बूस्टरचे मोठे फिन. फिन मोठे का, तर सस्टेनरचे फिन पूर्ण रॉकेटच्या मध्यावर येतात आणि दाबकेंद्र (हवेचा दाब जिथे एकवटल्यासारखा लागतो तो बिंदू) पुढे ओढतात. गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या पुढे निदान रॉकेटच्या एका व्यासाइतका हवा, आणि हा हिशोब दोनदा जुळवावा लागतो: पूर्ण रॉकेटसाठी आणि एकट्या सस्टेनरसाठी. याउलट अगदी मोटरच्या मापाच्या बारीक नळीत सावकाश जळणारी के मोटर बसवली, तर खालच्या दाट हवेत वेग फार चढत नाही आणि तोच फायदा बऱ्याच अंशी आयता मिळतो. ओपनरॉकेट या उड्डाणाचा अंदाज देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही आराखडे चालवून पाहा. मात्र गोंद, वायर, बॅटऱ्या सगळ्यांची वजनं खरी भरा. तसं केलं की दोन टप्प्यांची आघाडी बरीच कमी झालेली दिसते.

खरा फरक प्रज्वलनात आहे. लहान मॉडेलमध्ये काळ्या दारूची (गनपावडरची) डी१२-० सारखी मोटर जळून संपताना तिचीच ज्वाळा वरच्या मोटरला पेटवते. हाय-पॉवरच्या कंपोझिट (रबरासारख्या घन इंधनाच्या) मोटरी अशा पेटत नाहीत. त्यांच्या पोकळीत अगदी वरपर्यंत इग्नायटर (विजेने पेटणारी काडी) सरकवावा लागतो आणि उडत्या रॉकेटमधल्या छोट्या बॅटरीने तो पेटवावा लागतो. लाँच पॅडवरच्या मोठ्या बॅटरीवर हमखास पेटणारा इग्नायटर इथे दगा देऊ शकतो, म्हणून कमी करंटवर पेटणाराच निवडा आणि त्याच बॅटरीवर जमिनीवर तपासा.

त्याहून महत्त्वाचं आहे ते रॉकेट कललेलं असताना दुसरी मोटर न पेटू देणं. सस्टेनर उभ्या रेषेपासून ३० अंश कललेला असताना मोटर पेटली, तर तिच्या जोराचा निम्मा भाग आडव्या दिशेने लागतो. म्हणजे जळतं रॉकेट मैदानाबाहेर, लोकांच्या दिशेनेही जाऊ शकतं. नुसत्या टायमरला हे कळत नाही. म्हणून टेलिमेगा किंवा इझीमेगासारखा, जायरोवरून (फिरणं टिपणाऱ्या सेन्सरवरून) कल मोजणारा फ्लाइट कॉम्प्युटर हवाच. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कल जास्त असेल तर तो प्रज्वलन रोखतो. त्याला बजेट नसेल तर दोन टप्पे पुढे ढकला, इथे तडजोड करू नका.

आणि मोटर रोखली गेली किंवा पेटलीच नाही, तर पुढे काय होणार तेही आधी ठरलेलं हवं. न पेटलेल्या मोटरचा डिले (मोटर संपल्यावर हळू जळणारा थर) जळत नाही, तिचा इजेक्शन चार्जही (पॅराशूट बाहेर ढकलणारी दारूही) उडत नाही. त्यामुळे सस्टेनरचं पॅराशूट इलेक्ट्रॉनिक्सनेच सुटलं पाहिजे, आणि भरलेल्या मोटरचं वजन पेलेल एवढं मोठं असलं पाहिजे. एकाच टप्प्यात हा प्रश्न येत नाही. मोटर पेटली नाही तर रॉकेट रेलवरच, म्हणजे पॅडवरच्या उभ्या दांड्यावरच, उभं राहतं.

पॅडवरचं कामही वाढतं. इग्नायटर जोडलेल्या सस्टेनरशेजारी माणूस उभा असतो, म्हणून रॉकेट रेलवर उभं होईपर्यंत सगळी सर्किट्स बंद. मग इलेक्ट्रॉनिक्स चालू करायचं आणि बूस्टरचा इग्नायटर सर्वांत शेवटी जोडायचा. अमेरिकेतल्या एनएआर या छांदिष्ट रॉकेटवाल्यांच्या संघटनेच्या सुरक्षा नियमांत के वर्गाच्या एका मोटरसाठी माणसांचं किमान अंतर २०० फूट आहे, तेवढ्याच ताकदीच्या बहुटप्पा रॉकेटसाठी ३०० फूट. मैदान लहान असेल तर निर्णय तिथेच होतो.

दोन टप्पेच करायचे ठरले, तर आधी सस्टेनर बांधा आणि तो एकटाच, त्याच फ्लाइट कॉम्प्युटरसह उडवा. नंतर बूस्टरवर चढवून, मोटरच्या जागी तेवढंच वजन घालून पूर्ण रॉकेट उडवा. टप्पे सुटतात का आणि प्रज्वलनाच्या ठरलेल्या क्षणी कल किती होता, हे त्या उड्डाणाच्या नोंदीत दिसेल. तो आकडा मर्यादेत असेल तरच पुढच्या वेळी वर खरी मोटर घाला.