जुनी ४०० की पुश केलेली १००?

रामकुंडावरची गोदाआरती हातात कॅमेरा धरून रंगीत स्लाइडवर (थेट पॉझिटिव्ह चित्र देणाऱ्या फिल्मवर) टिपायची, तर किमान ४०० आयएसओ, म्हणजे फिल्मचा वेग, हवा, एफ/१.४ चं लेन्सचं छिद्र आणि १/६० सेकंदाचं शटर जमलं तरच चेहरे स्थिर येतात.

फुजीची प्रोव्हिया ४००एक्स मुळातच वेगवान, म्हणजे कमी उजेडात चालणारी, कणही सुरेख. पण ती बनणं कधीच बंद झालं. मिळते ती मुदत संपलेली. वेगवान फिल्म उष्णतेनं आणि वैश्विक किरणांनी लवकर उतरते. निगेटिव्हमध्ये ते थोडं सावरता येतं, स्लाइडमध्ये काळ्याचं गडदपणच जातं, आणि घाटावरच्या रात्रीत काळा म्हणजे अर्धा फोटो! नाशिकचा उन्हाळा फ्रिजबाहेर काढलेला रोल मी घेणार नाही.

त्यापेक्षा ताजी प्रोव्हिया १००एफ घ्या, प्रकाश मोजणारं मीटर ४०० वर ठेवा, लॅबला दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट किंवा निमपट) पुश, म्हणजे जास्त वेळ डेव्हलप करायला सांगा. ई-६ या स्लाइड धुण्याच्या प्रक्रियेतल्या पहिल्या डेव्हलपरचा वेळ वाढतो, कॉन्ट्रास्ट चढतो, सावल्यांतला तपशील घटतो. पण हे नुकसान आधी ठाऊक असतं, म्हणून माझं मत हिलाच. फक्त अख्खा रोल ४०० वरच काढायचा.

दोन्ही फिल्म दिवसाच्या उजेडाच्या. दिव्यांत केशरी झाक येणारच. ती काढायला निळा ८०ए फिल्टर लावू नका, तो जवळपास दोन स्टॉप खातो.