टिपऱ्या-गरब्यासाठी पांढरे कॅनव्हास बूट

सारवलेल्या अंगणात अनवाणी नाचण्यासारखं सुख नाही. पण कोकणात आता नवरात्रातल्या टिपऱ्या, गरबा बऱ्याच ठिकाणी पेव्हर ब्लॉकवर नाहीतर काँक्रीटवर रंगतात, आणि तिथे तासाभरात टाचा भरून येतात. त्यासाठी शाळेचे साधे, लेसवाले कॅनव्हास बूट आम्हाला सर्वांत पसंत.

त्यांचा तळ पातळ, सपाट, उथळ नक्षीचा असतो, म्हणून गिरकीत पाऊल सहज फिरतं. रनिंगचे बूट नकोतच! त्यांचा खाचांचा रबरी तळ जमीन धरून ठेवतो. अंग फिरतं, पाऊल अडतं आणि पीळ गुडघ्याला बसतो.

उणीव आत आहे. पुठ्ठ्यासारख्या इनसोलचा, म्हणजे पायाखालच्या आतल्या पट्टीचा, तळपायाच्या कमानीला काहीच आधार नाही. तो निघत असेल तर काढून कमानीशी उंचवटा असलेला 4-5 मिमीचा घाला. हा नवा इनसोल दुकानात सोबत नेऊनच बुटाचं माप बघा, तेही संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना. उभं राहिल्यावर अंगठ्यापुढे बोटाच्या रुंदीइतकी जागा हवी, टाच मात्र निसटता कामा नये. बूट चवड्यापाशी वाकायला हवा. मधोमध दुमडला तर परत ठेवा.

दमट हवेत घामाने भिजलेला जोड तसाच पिशवीत राहिला, की वास येतो आणि तळाची चिकटवण सुटते. इनसोल बाहेर काढून, आत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली वाळवा. शेवाळलेल्या ओल्या फरशीवर मात्र हे बूट घसरतात. तिथे नाचूच नका.