उल्केच्या पिकसाठी पैसे भरण्याआधी हे वाचा

‘लोखंडी उल्केतून कापलेलं अस्सल गिटार पिक’ (पिक म्हणजे गिटारच्या तारा छेडायची छोटी चकती) म्हणून एका ऑनलाइन विक्रेत्याने मला स्टेनलेस स्टील विकलं. नाव बदलून तो अजूनही तोच माल विकतोय, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पुरावा म्हणून त्याने व्हिडिओ पाठवला होता: पिक चुंबकाला चिकटतंय. पण चुंबकाला खिळाही चिकटतो. दुसरा पुरावा होता पृष्ठभागावरच्या एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्यांचा. लोखंडी उल्कांमध्ये अशी नक्षी खरोखर असते, तिला विडमनश्टेटन नक्षी म्हणतात. लोखंड आणि निकेलचा तो मिश्रधातू अवकाशात लाखो वर्षं अतिशय संथपणे थंड होत गेलेला असतो, त्यामुळे त्यात कमी निकेलच्या आणि जास्त निकेलच्या पट्ट्या वेगळ्या होतात. आम्ल लावलं की कमी निकेलचा भाग आधी खाल्ला जातो आणि नक्षी उठून दिसते. म्हणजे ती धातूच्या आरपार असते. माझ्या पिकवर ती नुसती वरून कोरलेली होती. तारांवर घासून टोकाजवळच्या पट्ट्या पुसल्या गेल्या आणि खाली कोरा, चकचकीत धातू निघाला. कडेवर तर त्या कधी नव्हत्याच.

मग दागिन्यांचा कस तपासणाऱ्या एक्स-रे यंत्रावर ते तपासून घेतलं. क्रोमियम १६ टक्क्यांच्या वर, निकेल जवळजवळ नाहीच. लोखंडी उल्केत निकेल साधारण ५ टक्क्यांच्या वर असतं आणि क्रोमियम नगण्य. नुसत्या निकेलच्या आकड्यावरही जाऊ नका, कारण ३०४ प्रकारच्या स्टेनलेस स्टीलमध्येही ८ टक्क्यांच्या आसपास निकेल असतं. क्रोमियमचा आकडा मागा.

दुसऱ्या एका ग्राहकाने टाकलेल्या फोटोत माझ्या पिकवरचीच नक्षी होती, रेघेला रेघ जुळणारी. खऱ्या उल्केच्या दोन तुकड्यांत हे होऊच शकत नाही. विक्रेत्याला विचारलं, तर ‘निसर्गात साम्य असतं’ असं उत्तर आलं आणि नंतर संपर्कच बंद. सवलतीच्या नावाखाली त्याने पैसे थेट खात्यात घेतले होते, त्यामुळे विक्री संकेतस्थळाने तक्रार घ्यायलाही नकार दिला.

त्याच पार्सलमधलं ‘मॅमथच्या (नामशेष झालेल्या केसाळ हत्तीच्या) सुळ्याचं’ पिक रेझिनचं निघालं. सुळ्याच्या आडव्या कापात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात; यावर सगळ्या समांतर आणि सारख्या अंतरावर. प्लास्टिक वितळतं का ते पाहायला तापलेली सुई टोचून बघतात, ती चाचणी मात्र कुठल्याही पिकवर करू नका. ते सेल्युलॉइड या ज्वालाग्राही प्लास्टिकचं असेल तर भसकन पेट घेतं.

आता तो कासवाच्या कवचाची पिक्सही दाखवतो. ते कवच हॉक्सबिल समुद्री कासवाचं. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या १९७३ च्या साइट्स (CITES) या आंतरराष्ट्रीय करारानुसार त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे, त्यामुळे माल अस्सल निघाला तर पार्सल सीमाशुल्क विभागात जप्त होऊ शकतं आणि कारवाईला तोंड द्यावं लागतं ते मागवणाऱ्याला.